जुन्या फ्रेंच बाटल्या: घरात कुठे ठेवाव्यात, कशा ओळखाव्यात?

खिडकीवाली

नेटवर फ्रेंच व्हिंटेज सजावट शोधली की हमखास एकच चित्र समोर येतं. पांढरी भिंत, पांढरं टेबल, त्यावर वेताच्या टोपलीत बसलेली मोठी हिरवी बाटली आणि तिच्यात निलगिरीची एक फांदी. बाटली कुठली, तिच्यात काय भरत होते, याचा पत्ता नसतो. मी फ्रान्समधल्या ल्यों शहरात राहते. इथे एप्रिल-मे उजाडला की गावोगावी 'व्हीद-ग्रनिए' सुरू होतात, म्हणजे लोक माळ्यावरचं सामान रस्त्यावर मांडून विकतात. शिवाय ल्योंला खेटून असलेल्या व्हिलउर्बानमध्ये कालव्याकाठचा जुना बाजार आहेच. रविवारी सकाळी लवकर गेलात तर बाटल्या अजून खोक्यांतून बाहेर निघत असतात. म्हटलं या विषयावर एक धागा काढावा.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे वाद घालायला बरं. बाटली खिडकीत ठेवायची. काचेच्या कपाटात नाही, लाकडी फळीवर भिंतीला टेकवून नाही, बैठकीच्या मधोमध टेबलावरही नाही. मागून उजेड आला पाहिजे. पाठीमागे लाकूड आलं की चांगल्यातली चांगली हिरवी काच काळी दिसते, आणि मग तुम्ही तिच्यात दिव्यांची माळ कोंबता.

आता प्रकार. सगळ्यात लोकप्रिय 'डाम-जान', तीच ती टोपलीतली मोठी बाटली. पाच लिटरपासून पन्नासच्या आसपासपर्यंत मिळते. वाइन, तेल, व्हिनेगर, सगळं यातून जायचं. एवढी मोठी बाटली फुंकायची म्हणजे काच पातळ होणार, म्हणून बाहेरून विलो झाडाच्या लवचिक फांद्यांचं विणकाम. हे विणकाम करणारी गावं अजून आहेत. ओत-मार्न जिल्ह्यातलं फेल-बियो आणि तूर शहराजवळचं व्हिलेन-ले-रोशे ही त्यातली नावाजलेली. सजावटवाले लोक टोपली काढून टाकतात. मी धड असलेली टोपली कधीच काढत नाही. एक तर कित्येक जुन्या डाम-जानचा तळ सपाट नसतो, टोपलीशिवाय त्या डुगडुगतात. आणि दुसरं म्हणजे ते काम बघण्यासारखं असतं. टोपली कुजलेली असेल तर मात्र काढा, कारण तिच्यात लाकूडकिडा असू शकतो आणि तो तुमच्या फर्निचरमध्ये शिरायला परवानगी मागत नाही. तळाशी पिवळसर भुकटी पडलेली दिसली की समजून जा.

दुसरा प्रकार सायफन. कॅफेत सोडावॉटर द्यायच्या जाड काचेच्या बाटल्या, वर धातूचं तोंड आणि खटका. निळ्या, हिरव्या, क्वचित गुलाबी, बऱ्याचशा बिनरंगी. अंगावर सोडा बनवणाऱ्याचं नाव आणि गावाचं नाव कोरलेलं असतं. इथे लोक आपापल्या जिल्ह्याचे सायफन जमवतात. मला तेच आवडतं, कारण बाटलीला पत्ता असतो. दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्यात पुन्हा गॅस भरायचा नाही, जुनी काच दाबाखाली फुटते. आणि त्यातून प्यायचं तर नाहीच, जुन्या तोंडांच्या धातूत शिसं असू शकतं.

तिसरा प्रकार औषधांच्या दुकानातल्या बरण्या. घासून बसवलेलं काचेचं बूच, सोनेरी पट्टीवर काळ्या अक्षरांत लॅटिन नाव. देखण्या आहेत, महागही आहेत. आत खाली काही चिकटलेलं असेल तर विचार करून घ्या; पूर्वीच्या औषधांत पारा होता, सोमल होता. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये त्या धुवायच्या नाहीत.

बाकी शाईच्या दौती, अत्तराच्या कुप्या, व्हिशी गावच्या खनिज पाण्याच्या बाटल्या, हे सगळं आहेच. तुमच्याकडे काय आहे?

ठाणेकर_काकू

छान लिहिलंयस गं. पण आमच्या सोसायटीत खिडकीत ओळीने रिकाम्या बाटल्या मांडल्या तर समोरच्या विंगेत चर्चा सुरू होईल. आमच्या सासूबाईंनी तर एकदा मुलाने आणलेली सुंदर निळी बाटली भंगारवाल्याला दिली, वर "घरात असलं काही नको" हे ऐकवलं ते वेगळंच. ज्यांना दारूची आठवण होणार नाही असं काही सुचव.

खिडकीवाली

काकू, 'ल पार्फे'च्या बरण्या घ्या. तारेचा खटका आणि नारिंगी रबराची चकती असते त्या. फ्रान्समध्ये घरोघरी फळं, भाज्या, मांस टिकवायला त्या वापरतात आणि जुन्या बरण्यांची काच किंचित हिरवी असते. काचेवर नाव उठवलेलं असतं. खिडकीत ठेवा, आत चिंच किंवा आमसुलं भरा. सासूबाई स्वतःच पुसून ठेवतील. फक्त चकती नवी घ्या, जुनी कडक झालेली असते.

नव्वदोत्तर

मुंबईत राहून एकच प्रश्न. धूळ कोण पुसणार?

खिडकीवाली

@नव्वदोत्तर, म्हणून तर थोड्याच ठेवायच्या. खिडकीत तीन पुरेत, पाच झाल्या की दुकान वाटतं. फुलं घातली नाहीत तर बाटलीच्या तोंडाला बूच लावा, आतली धूळ तरी वाचेल. बाहेरून ओलं फडकं फिरवायला वेळ लागत नाही. आतून धुवायची वेळ आली की खरा त्रास.

भट्टीवाला

धागा उशिरा पाहिला. बाटलीच्या कारखान्यात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. जुनी ओळखायची कशी, यावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

बाटली हातात घ्या आणि अंगावरची शिवण शोधा. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे काचेवर बारीक उभी रेघ येते. ती रेघ तळापासून निघून थेट तोंडाच्या कडेवरून गेली असेल तर बाटली पूर्णपणे यंत्रावर झालेली, म्हणजे बहुतेक विसाव्या शतकातली. रेघ मानेपाशी विरली असेल आणि तोंडाची कड वेगळी लावल्यासारखी, किंचित वाकडी असेल, तर साच्यात फुंकून तोंड हाताने केलेलं आहे. रेघच नसेल तर घाई करू नका. साच्यात बाटली गरागरा फिरवली की रेघ पुसली जाते, वाइनच्या कित्येक बाटल्या तशा केलेल्या आहेत. मग तळ बघा. खालच्या खळग्यात बोटाला खरबरीत व्रण लागला तर तिथे लोखंडी सळई चिकटवून बाटली धरलेली होती आणि तेवढ्या वेळात कारागिरानं तोंड घडवलं. तो व्रण असलेली बाटली सहसा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या किंवा त्याच्या आधीची.

बुडबुड्यांवर मात्र विश्वास ठेवू नका. दुकानदार आधी तेच दाखवतो. फ्रान्समध्येच कान शहराजवळ बियॉत नावाचं गाव आहे. तिथल्या कारखान्यात १९५६ पासून मुद्दाम बुडबुडे सोडून काच बनवतात, तीच त्यांची ओळख. आणि बाजारात हल्ली पुनर्वापराच्या काचेच्या नव्याकोऱ्या 'डाम-जान' येतात, त्यांतही बुडबुडे असतात. नव्या मालाची खूण म्हणजे तळ. खरी जुनी बाटली वर्षानुवर्षं फरशीवर सरकवलेली असते, तळाच्या कडेला बारीक ओरखड्यांचं वर्तुळ असतं, आणि ते एकसारखं नसतं. सँडपेपरने केलेले ओरखडे एकाच दिशेने जातात.

रंगाचं म्हणाल तर हिरवा रंग मुद्दाम दिलेला नाही. वाळूत लोह असतं, त्याचा तो रंग. बिनरंगी काच हवी तर लोहाचा रंग घालवावा लागतो, त्यासाठी मँगनीज घालत. निळ्यासाठी कोबाल्ट.

आता खिडकीवाल्या ताईंना एक उलटा प्रश्न. मँगनीज घातलेली काच उन्हात वर्षानुवर्षं राहिली की जांभळट होते. अतिनील किरणांचं काम. तुमच्या खिडकीत बिनरंगी जुनी बाटली असेल तर काय करता? आणि दुसरं, पाणी भरलेली गोल बाटली उन्हाच्या खिडकीत ठेवू नका. ती भिंगाचं काम करते, पडदा पेटू शकतो. गंमत नाही, अशा आगी लागलेल्या आहेत.

खिडकीवाली

भट्टीवाला काका, हे वाचून खूप आनंद झाला. बिनरंगी औषधी बरणी मी उत्तरेच्या खिडकीत ठेवते, तिथे थेट ऊन येत नाही. हिरव्या आणि निळ्या दक्षिणेला. पाण्याचा मुद्दा सगळ्यांनी वाचा हो. फुलं ठेवायची तर बाटली टेबलावर, किंवा सुकी फुलं.

जांभळट झालेली काच विकत घेणाऱ्यांसाठी अजून एक: काही लोक कृत्रिम किरणोत्सर्गाने काच जांभळी करून 'दुर्मिळ' म्हणून विकतात. गडद जांभळी, एकसारखी दिसली तर हात मागे घ्या. उन्हाने आलेला रंग फिका असतो.

फोंड्याचा_बाबू

ते डाम-जान वाचून हसायला आलं. आमच्या घरी ती कोठीत असायची, काजूची फेणी भरलेली. पोर्तुगीज नाव गार्राफांव. तशीच गोल, तशीच विणलेली टोपली, मागाहून प्लास्टिकच्या पट्ट्यांची. आजी तिला नवऱ्यापेक्षा जास्त जपायची असं आजोबा म्हणायचे, पण ते आजोबाच, त्यांचं काय ऐकता. आता गोव्यातल्या झाडून सगळ्या हॉटेलांच्या रिसेप्शनला तीच ठेवतात, वर दिव्याची टोपी घालून. तेव्हा घरात आजोबांची असेल तर फ्रान्सला कशाला जायचं? आकार एकच, फक्त आतला माल वेगळा.

खिडकीवाली

@फोंड्याचा_बाबू, असेल तर देऊ नका कोणाला! पोर्तुगाल, स्पेन, इटली, फ्रान्स, सगळीकडे वाइन आणि तेल वाहायची हीच पद्धत होती. पण दिवा करणार असाल तर एक विनंती. बाटलीला भोक पाडू नका. बुचात बसवायचा होल्डर मिळतो, वायर वरूनच बाहेर येते. जुन्या फुंकलेल्या काचेत आत ताण अडकलेला असतो, भोक पाडताना ती दुभंगते.

निळी_शाई

भोक पाडू नका ठीक. पण दिव्यांच्या माळेला एवढा विरोध का? आमच्या घरी खिडकी पूर्वेला, पुढे दुसरी इमारत, उजेड कुठून आणू? मी हिरव्या बाटलीत बारीक पिवळ्या दिव्यांची माळ ठेवते आणि मला ती आवडते. तुमच्याकडे दक्षिणेची खिडकी आहे म्हणून तुम्ही असं बोलता.

खिडकीवाली

मुद्दा मान्य, उजेड नसेल तर बाटली काळी दिसणार. पण माळ आत कोंबली की डोळ्यांना फक्त दिवे दिसतात, काच दिसत नाही. एक करून बघा: छोटा दिवा बाटलीच्या मागे, खाली लपवून, भिंतीवर उजेड पडेल असा ठेवा. भिंत उजळते आणि बाटली त्या उजेडासमोर उभी राहते. काचेची जाडी कमीजास्त असते तीही दिसते. यंत्रावरच्या बाटलीत ते सापडत नाही.

निळी_शाई

करून बघितलं. बरं दिसतंय. तरी माळ ठेवणारच :)

आडवाटेवरचा

सगळं सुंदर. पण हे 'हाताने फुंकलेलं' म्हणून आपण जे कौतुक करतो ते फुंकणाऱ्यांचं काय होतं, याबद्दल कोणी लिहील का? नाहीतर हा धागा म्हणजे पांढरी भिंत आणि निलगिरीची फांदीच.

खिडकीवाली

प्रश्न आवडला. ल्योंहून सँतेतिएनकडे जाताना जिए नदीचं खोरं लागतं. तिथे कोळसा होता, म्हणून काचेच्या भट्ट्या आल्या. रीव्ह-द-जिए आणि जीव्होर ही गावं त्यावरच वाढली. रीव्ह-द-जिएमध्ये कामगार एकच फुंकणी एकामागून एक तोंडाला लावत. त्यातून उपदंश पसरला, आणि जोसेफ रोले नावाच्या ल्योंच्या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात त्याची नोंद केली. भट्टीजवळ लहान मुलंही राबत. तोंडाने फुंकणं सुटायला सुरुवात झाली ती कोन्याकच्या क्लोद बुशेनं १८९० च्या दशकाच्या शेवटी बाटली करायचं यंत्र काढलं तेव्हा. दाबलेल्या हवेने बाटली फुगवायची, कामगाराच्या फुफ्फुसाने नाही. म्हणजे आपण ज्या शिवणीवरून 'यंत्राची आहे, स्वस्त आहे' म्हणून बाटली खाली ठेवतो, तिनं कितीतरी लोकांचा श्वास वाचवला.

आणि कार्मोची गोष्ट तर शाळेत शिकवावी अशी. दक्षिणेत आल्बीजवळ कार्मोला १८९५ साली काचकामगारांचा मोठा संप झाला. मालकाने कामावरून काढलेल्या लोकांनी पुढे स्वतःचाच कारखाना उभा केला, आल्बीला, कामगारांच्या मालकीचा. समाजवादी पुढारी ज्याँ जोरेस त्यांच्या पाठीशी होते, आणि १८९६ च्या ऑक्टोबरमध्ये उद्घाटनही त्यांच्याच उपस्थितीत झालं. आल्बीत आजही बाटल्या बनतात, फक्त मालकी आता मोठ्या कंपनीकडे आहे.

जीव्होरचा शेवट मात्र वेगळा आहे. तिथल्या सुशों-नव्हसेल कंपनीने १९६६ साली बूसुआ या सपाट काचेच्या कंपनीशी हात मिळवले, नाव झालं बीएसएन. मग विचार केला की नुसत्या बाटल्या कशाला, आत काय भरायचं तेही आपलंच असावं. १९७० मध्ये एव्हियाँचं पाणी घेतलं, १९७३ मध्ये दही विकणाऱ्या दानोनशी विलीन झाले, आणि आता जगाला फक्त दह्याची दानोन माहीत आहे. जीव्होरचा काच कारखाना २००३ साली बंद पडला. तिथल्या जुन्या कामगारांना नंतर कॅन्सर झाले. कामावरच्या रसायनांमुळे झाले हे मान्य करून घ्यायला त्यांनी अनेक वर्षं कोर्टात भांडण केलं. माझ्या खिडकीत जीव्होरची एक साधी लिटरची बाटली आहे, तिला कोणी पाच युरोसुद्धा देणार नाही.

आडवाटेवरचा

धन्यवाद. हे लेखात वर टाका, खाली दडवू नका.

तालीमवाला

एक गंमत भर घालतो. पेरिए या बुडबुड्यांच्या पाण्याची ती हिरवी बाटली बघितलीत? तळाशी फुगीर, वर निमुळती. ते पाणी जिथून येतं तो वेर्जेझचा झरा घेतलेल्या हार्म्सवर्थ नावाच्या इंग्रज माणसाला मोटारीचा अपघात झाला होता, त्यातून उठण्यासाठी तो मुद्गल फिरवायचा. बाटलीचा आकार त्यानं त्यावरूनच घेतला असं कंपनीच्या इतिहासात सांगतात. इंग्रजांना मुद्गल फिरवायला आपल्याकडच्या पैलवानांनीच शिकवलं. तेव्हा काकू, सासूबाईंना सांगा, ही तालमीतली बाटली आहे.

ठाणेकर_काकू

@तालीमवाला, हे चालेल! :)

निळी_शाई

आतून धुवायचं कसं, ते राहिलंच. माझ्या एका बाटलीत पांढरा धूरकट थर आहे, घासून जात नाही.

भट्टीवाला

आधी थर कसला ते ठरवा. आत थोडं व्हिनेगर घालून रात्रभर ठेवा. चुन्याचा थर असेल तर सुटेल. पुरता निघाला नाही तर व्हिनेगरबरोबर मूठभर तांदूळ घाला आणि बाटली हळू गोल गोल फिरवा. वाळू, खडे, लोखंडी छर्रे नकोत, आतून ओरखडे पडतात. गरम पाणी तर अजिबात नको, थंड काचेत गरम पाणी गेलं की तडा.

थर व्हिनेगरने हलला नाही, ओलं केल्यावर नाहीसा होतो आणि वाळल्यावर परत येतो, असं असेल तर ती काचच खराब झाली आहे. ओलाव्यामुळे पृष्ठभागातले क्षार निघून जातात, तो थर नव्हे, तो झिजलेला भाग आहे. घरी दुरुस्त होत नाही. कोणी आत तेल फिरवून चकचकीत करून विकतात, तेही लक्षात असू द्या. बुडाला तेलकट वास येतो.

कागदी लेबल असेल तर बाटली पाण्यात बुडवू नका, लेबल गेलं की निम्मी किंमत गेली.

निळी_शाई

ओलं केल्यावर जातो आणि परत येतो. म्हणजे गेलीच ती. ठीक आहे, तिच्यात मोरपीस ठेवते.

नव्वदोत्तर

मी डिसेंबरमध्ये पॅरिसला जातोय. सँ-तुअँच्या जुन्या बाजारात मिळतील का? आणि विमानात?

खिडकीवाली

सँ-तुअँला मिळतील, पण ती दुकानं मोठ्या खरेदीदारांसाठी आहेत, दर तसेच. घासाघीस चालते, फक्त आधी 'बाँझूर' म्हणा, नाहीतर विक्रेता मान वर करत नाही. दक्षिणेत जाणार असाल तर लिल-सुर-ला-सोर्ग गाव जुन्या वस्तूंसाठीच प्रसिद्ध आहे, रविवारी जा.

विमानासाठी डाम-जान विसरा. सायफन जड असतो आणि वरचं धातूचं तोंड बघून तपासणीत बॅग उघडायला लावतात, तो चेक-इन सामानात टाका, टॉवेलमध्ये गुंडाळून. तोंड काढायचा प्रयत्न करू नका, काच तिथेच फुटते. दौती आणि औषधाच्या छोट्या बाटल्या आणायला सगळ्यात सोप्या. 'युसाज एक्सटर्न' असं काचेवर उठवलेली एखादी मिळाली तर घ्या, म्हणजे पोटात घ्यायचं नाही असं औषध. फार महाग नसते. मोज्यात घालून आणा.

नव्वदोत्तर

मोजे धुतलेले हवेत का?